चार माणसांना नऊ संच

माझा साडू दात बनवतो. म्हणजे कवळ्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतात, साडू त्या मापावरून मेणाची आणि प्लास्टरची खटपट करून कवळी उभी करतो, आणि माझी मेव्हणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, ती कवळी डबीत घालून स्कूटरवरून दवाखान्यात पोचवते. गावातले निम्मे म्हातारे माझ्या साडूच्या जिवावर हसतात आणि त्यातल्या एकालाही तो कोण हे माहीत नाही. मित्रमंडळी त्याला बत्तीशी म्हणतात. मी तोंडावर साडूबुवा म्हणतो आणि अहोजाहो करतो, कारण तो वयाने मोठा आहे. पण इथे तो समोर नाही, तेव्हा अरेतुरे चालेल.

या बत्तीशीकडे पोकरच्या चकत्यांचे नऊ संच आहेत. पत्त्यांच्या डावात पैशांच्या जागी पुढे सरकवतात त्या गोल, रंगीत चकत्या. एकेका संचात तीनशे. हे ऐकलं की नवख्या माणसाच्या डोळ्यांसमोर जुगाराचा अड्डा उभा राहतो. प्रत्यक्षात रविवारी दुपारी आम्ही चार माणसं जेवणाच्या टेबलाशी बसतो आणि एक छदामही लावत नाही. जो हरेल त्याने चहाचे कप विसळायचे, एवढीच पैज. चार कप कोणी विसळायचे हे ठरवायला ज्याला सत्तावीसशे चकत्या लागतात त्याला लोक हौशी म्हणतात. मी दुसरा शब्द वापरतो, पण तो मेव्हणीच्या माघारी.

चौघं कोण तेही सांगून टाकतो. एक मी. मी फरशांच्या दुकानात बसतो. दुसऱ्या म्हणजे बत्तीशीच्या वरच्या मजल्यावरच्या बाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी उभा जन्म पालकांना "मुलगा हुशार आहे हो, फक्त अभ्यास करत नाही" असं सांगण्यात घालवला, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरून हातातले पत्ते ओळखणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. तिसरा लिफ्टवाला. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, फार बोलत नाही, आणि बत्तीशीचा शाळेतल्या एका बाकावरचा मित्र आहे. चौथा खुद्द बत्तीशी. मेव्हणीला मी ताई म्हणतो. ताई खेळत नाहीत. त्या त्याच खोलीत शब्दकोडं सोडवत बसतात आणि ऐन डावात कोणाला तरी पाच अक्षरी शब्द विचारतात.

"साडूबुवा, नऊ कशाला?" मी एकदा सरळच विचारलं होतं.

"तुम्ही ज्या चपलेने संडासात जाता त्याच चपलेने लग्नाला जाता का?"

"जातो की."

"मग तुम्हाला काय सांगणार," तो म्हणाला आणि तरीही तासभर सांगत बसला. हलकी चकती वेगळी, जड वेगळी. एका जातीच्या पोटात लोखंडाचा तुकडा असतो, ती टेबलावर पडली की भांड्यासारखी वाजते. मातीच्या जातीची चकती पडते तेव्हा नुसता ठप्प असा आवाज येतो, आणि बत्तीशीच्या मते तो आवाज ऐकलेला माणूस पुन्हा लोखंडाकडे वळत नाही. तिसऱ्या जातीची कपबशीच्या मालाची, तिच्यावर हवं ते चित्र छापून मिळतं. पाहुण्यांना एक संच, सरावाला एक, प्रवासाला एक. मी म्हटलं, तुम्ही प्रवासाला कधी जाता? तो म्हणाला, गेलो तर.

त्याचं खरं दुखणं डोळ्यांत आहे. कवळीवाल्याला पांढऱ्याच्या सोळा छटा ओळखाव्या लागतात. तशी पट्टीच असते त्याच्याकडे, ओळीने दात लावलेली. माझ्या बायकोला लग्नानंतर पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा तिच्याशी बोलता बोलता तो तिचे दात कुठल्या नंबरचे हे ठरवत होता, आणि निघताना ते तिला सांगितलंही. अशा माणसाला एक निळी चकती आणि तिच्या शेजारची कणभर फिकी निळी चकती एकत्र दिसली की जेवण जात नाही.

सुरुवात काड्यापेटीतल्या काड्यांपासून झाली. आम्ही काड्या लावून खेळायचो. लिफ्टवाल्याला विचार करताना काडी मोडायची सवय, आणि मोडलेल्या काडीचे दोन्ही तुकडे तो वेगवेगळे मोजायचा. बत्तीशीला ते सोसेना. त्याने खेळण्यांच्या दुकानातून प्लास्टिकच्या चकत्या आणल्या. त्या संचाला मी नऊमध्ये धरत नाही, कारण त्यातली एक चकती शर्टाच्या खिशातून कपडे धुण्याच्या यंत्रात गेली आणि बाकीच्या त्याने पुढे कोणाच्या तरी पोरांना देऊन टाकल्या. पण माणूस बिघडला तो तिथेच.

त्यानंतर पहिला खरा संच आला, मातीच्या जातीचा. आम्हाला वाटलं आता त्याने खेळायचं. बत्तीशीने पेटी उघडून दाखवली, लोक तान्हं मूल दाखवतात तशी, म्हणजे लांबून. लिफ्टवाल्याने बोट पुढे केलं तर त्याने पेटी मागे घेतली.

"कोरा आहे," तो म्हणाला.

हा त्याचा कायदा. जोपर्यंत तीनशेच्या तीनशे चकत्या जागेवर आहेत, एकीचाही टवका उडालेला नाही, तोपर्यंत संच कोरा. कोऱ्याला हात लावायचा नाही. एखादी हरवली किंवा फुटली की संच उष्टा झाला. उष्ट्याने खुशाल खेळा, त्यावर चहा सांडा, कानात घाला. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात हे ऐकलं होतं, पण दाखवायचे दातसुद्धा कोणाला न दाखवणारा हत्ती मी हाच पाहिला.

आणि कोरा संच घरात आला की बत्तीशीला ताप चढायचा. कामावरून आला की तो मागच्या खोलीत जाई. नव्या चकत्यांवर कारखान्याची पांढरी भुकटी असते. ती तो कवळ्या घासायच्या ब्रशाने घासून काढी, मग चिंधीला तेलाचं बोट लावून एकेक चकती पुशी, मग त्यांच्या चवडी लावी, मग त्या चवडी मोडून पुन्हा लावी. रविवारचा फोन यायचा, "आज नको, तेल लावतोय." असे लागोपाठ रविवार जायचे. ताई जेवायला हाका मारून दमायच्या. एकदा त्यांनी ताट त्याच खोलीत नेऊन दिलं तर त्याने ते परत पाठवलं, आमटीच्या वाफेने मातीला ओल धरते म्हणून.

मग एक दिवस एक चकती हरवायची. कशी ते कळायचं नाही. बत्तीशी कपाटं सरकवायचा, गालिचा झटकायचा, दोन दिवस सुतकी चेहऱ्याने कवळ्या बनवायचा (त्या आठवड्यातले म्हातारे कसे हसत असतील देव जाणे), आणि रविवारी तो संच आणून टेबलावर आपटायचा. "घ्या, उष्टा झाला." त्या दिवसापासून तो पुन्हा माणसात. हसायचा, हरायचा, बाईंशी भांडायचा, ताईंच्या कोड्यातले शब्द सांगायचा. काही महिने बरे जायचे. मग म्हणायचा, घरात एक तरी संच पूर्ण असायला हवा ना, आणि नवा मागवायचा. की पुन्हा ताप.

असे आठ झाले. प्रत्येकातली एक हरवली. आम्ही तो निसर्गाचा नियम धरून चाललो होतो. मोजे नाही का हरवत, जोडीतला एकच?

नववा संच मात्र त्याने बनवून घेतला. चित्रं स्वतः काढली. सगळ्यात कमी किमतीच्या चकतीवर दुधाचा दात, त्याहून वरच्या चकतीवर पटाशीचा, मग सुळा, मग दाढ, आणि सगळ्यात भारी चकतीवर अक्कलदाढ, अशा फक्त वीस. कुठल्याशा लांबच्या कारखान्याने तीनशे छापल्या आणि कळवलं की पुन्हा एवढंसं काम घेणार नाही. म्हणजे एक गेली तर गेली. बाई चित्रं बघून म्हणाल्या, "छान. खेळताना भूल द्यावी लागेल." पण खरं सांगू, मलाही तो संच आवडला. साडूच्या घरातली एखादी वस्तू आवडायची आणि तेही कबूल करायचं, हे मला जड जातं.

पेटी लिफ्टवाल्याने केली. एका पाडलेल्या इमारतीतली जुनी लाकडी लिफ्ट भंगारात निघाली होती, तिच्या आतल्या फळ्या त्याने मिळवल्या. किती संध्याकाळी तो त्या पेटीवर बसला असेल ते तोच जाणे. प्रत्येक चवडीला वेगळा खण, आत हिरवं मऊ कापड, आणि कोपरे असे जुळवलेले की नख शिरणार नाही. चकत्या पेटीत लावायचं काम त्याच्याकडे होतं, कारण खण कुठे घट्ट होतोय ते त्यालाच कळणार. कोऱ्या संचाला हात लावायची परवानगी मिळालेला तो जगातला पहिला माणूस. त्या दिवशी बत्तीशी शेजारी उभा राहून त्याच्या बोटांकडे बघत होता, पण काही बोलला नाही. मैत्री म्हणजे काय ते मला तेव्हा जरा कळलं.

मग नेहमीसारखा ताप, आणि रद्द झालेले रविवार. आणि एका रविवारी त्याने आम्हाला बोलावलं. चहा चालू होता, बत्तीशीने पेटी आणून टेबलाच्या मधोमध ठेवली आणि झाकण उघडलं. अक्कलदाढांच्या खणात शेवटी एक फट होती. एकोणीस.

"काल रात्री बघितलं," तो म्हणाला. "सगळीकडे शोधलं."

"सापडेल," मी म्हटलं. "तुमच्याकडे नेहमीच हरवते."

"ही हरवायची नव्हती." तो लिफ्टवाल्याकडे बघत होता. "पेटी फक्त तू हाताळलीस."

लिफ्टवाल्याने कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तुझ्या खिशात कायम काहीबाही असतं. चुकून गेली असेल. बघ तरी."

"तेव्हापासून मी शंभर वेळा पँट धुतलीय."

"बघायला काय जातं?"

लिफ्टवाला उठला आणि त्याने खिसे उलटे केले. टेबलावर नट पडले, वायरीचा तुकडा, खोकल्याची गोळी, कुलपाची एक बारकी किल्ली आणि एक वायसर. तो वायसर गोल होता, चकतीएवढाच, टेबलावर फिरत फिरत थांबला. आणि बत्तीशी वाकून बघायला लागला. तीस-पस्तीस वर्षांपासूनचा मित्र खिसे उलटे लोंबकळत ठेवून उभा आहे, आणि हा वायसरवर चित्र आहे का ते बघतोय. मला तेव्हा त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, साडू पडला.

"झालं समाधान?" लिफ्टवाल्याने विचारलं. बत्तीशीची मान वायसरवरच. लिफ्टवाल्याने आपला कप उचलला, मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला आणि निघून गेला. त्याच्या वस्तू टेबलावरच राहिल्या. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, संताप झालाय.

पुढचे रविवार तिघांचे. तिघांत पोकर म्हणजे तीन पायांचं टेबल. बत्तीशी लिफ्टवाल्याचं नाव काढत नव्हता आणि त्याच्या खुर्चीत कोणाला बसूही देत नव्हता. मी दोनदा म्हटलं, जा आणि माफी मागा. तो म्हणाला, "चकती कुठे गेली ते कळू दे, मग मागतो." एका चकतीपायी हा माणूस मित्र घालवून बसणार हे मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं, पण मान वाकेल तर शपथ. बाई म्हणाल्या की लिफ्टवाला जिन्यात भेटला तर नमस्कार करतो, आणि बत्तीशीच्या मजल्यावर लिफ्ट बिघडली की दुसऱ्याला पाठवतो.

तेवढ्यात एक दिवस ताई दुकानात आल्या. गिऱ्हाईक होतं, न्हाणीघरासाठी फरशा घेत होतं आणि पाच जास्त घेऊ की सात यावर नवरा-बायकोचं वाजलं होतं. ताई ते ऐकत बाजूला उभ्या राहिल्या. ते गेल्यावर त्यांनी पिशवीतून कवळीची डबी काढली आणि माझ्यासमोर उघडली.

आत नऊ चकत्या होत्या. नऊ संचांतल्या नऊ. सगळ्यात वर अक्कलदाढ.

मी अक्कलदाढ उचलून पाहिली.

"ती प्लास्टिकची पहिली चकती धुण्यात गेली ना," ताई म्हणाल्या, "तेव्हा माझ्या लक्षात आलं. एक चकती गेली की हे बरे होतात. खोलीतून बाहेर येतात, जेवतात, बोलतात. मग नवा संच आला आणि पुन्हा आत जाऊन बसले. मी किती दिवस वाट बघितली. मग उचलली एक."

"आणि दर वेळी?"

"दर वेळी. पण कोणावर नाव नाही आलं कधी. हरवली म्हणून सोडून द्यायचे. या वेळी ते त्या गरिबावर घसरतील हे मला काय माहीत?"

"ताई, अहो, एवढं झालं आणि तुम्ही दारात उभ्या राहून नुसतं बघितलंत? चोर सोडून संन्याशाला सुळी." मी चिडलो होतो. मेव्हणी असली म्हणून काय झालं.

"मला चोर म्हणा, चालेल," ताई म्हणाल्या. "पण यांना सांगायचं कसं ते सांगा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी घरात चोऱ्या करत होते हे कळल्यावर ते माझ्या हातचा चहा तरी घेतील का?"

"नाही घेणार. पण नाही सांगितलंत तर लिफ्टवाला जन्मात त्यांच्या हातचा घेणार नाही."

त्यांनी डोळे पुसले, डबी बंद केली आणि म्हणाल्या, "मग तुम्ही बरोबर चला."

बत्तीशी त्या दिवशी काम घरी आणून एका जबड्याला गुलाबी हिरडी चढवत होता. ताईंनी त्याच्यासमोर डबी ठेवली आणि मला सांगितलं होतं तेवढंच सांगितलं, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. तो ऐकत राहिला. मग त्याने हात पुसले, कपाटातून नऊच्या नऊ पेट्या आणल्या आणि एकेक चकती आपापल्या जागी ठेवली. शेवटी अक्कलदाढ खणात बसली.

"दर वेळी तूच?"

"दर वेळी."

"का?"

"तुम्ही जेवायला येत नव्हता."

त्याने विचारलं, "आणि मी नवा का घ्यायचो ते तुला ठाऊक होतं?"

"आवडतं म्हणून."

"घरात एक तरी पूर्ण हवा म्हणून घ्यायचो. पहिला पूर्ण राहिला असता तर दुसरा घेतलाच नसता."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. कपाट भरलं म्हणून सगळ्यात जास्त कटकट कोणी केली असेल तर ताईंनी, आणि कपाट भरलं तेही त्यांनीच. औषध देणारीच रोग वाढवत होती. मला हसू दाबता येईना, आणि मी हसल्यावर ताईही हसल्या, रडता रडता. बत्तीशी हसला नाही.

"नऊही कोरे झाले," तो म्हणाला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर मांडलं होतं आणि चेहरा असा, जणू कोणी नऊ तिरड्या आणून ठेवल्यात. "आता खेळायचं कशाने?"

"आधी कोणाबरोबर ते बघा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला धरून नेलं. लिफ्टवाला एका कचेरीच्या इमारतीत काम करत होता. तळमजल्याचं लिफ्टचं दार उघडं, त्याला साखळी लावलेली, आणि हा खाली खड्ड्यात. वरून फक्त बॅटरीचा उजेड दिसत होता. शेजारी कचेरीतली माणसं फायली घेऊन ताटकळत उभी.

"अरे," बत्तीशी खड्ड्यात वाकून म्हणाला. "चकती सापडली."

"बरं झालं."

"हिनेच घेतली होती."

खाली हातोडीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"तुला माहीताय कशाबद्दल."

"ऐकू येत नाही, बत्त्या. इथे मशीन आहे."

मशीन बंद होतं. मलासुद्धा कळत होतं. बत्तीशीने मागे उभ्या असलेल्या लोकांकडे बघितलं आणि खड्ड्यात ओरडून म्हणाला, "मी तुला चोर समजलो." ते वरच्या सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं. एका मजल्यावरून कोणीतरी "काय झालं?" असं विचारलंही. एक बाई जिन्याने जायला निघाली होती, ती थांबली.

मग त्याने खिशातून अक्कलदाढ काढली आणि साखळीच्या आतून खाली धरली. त्याच्या दृष्टीने तो काळीज कापून देत होता. "ही तू ठेव. कायमची. संच उष्टा राहू दे."

लिफ्टवाला उजेडात आला. तोंडाला ग्रीस लागलेलं. त्याने चकतीकडे बघितलं, हात लावला नाही.

"न घेता चोर झालो," तो म्हणाला. "घेतली तर खराच होईन. ठेव ती जागेवर."

"मग काय करू?"

"रविवारी येतो. त्याच संचाने खेळायचं. पूर्ण संचाने. आणि टेबलावर खारे शेंगदाणे पाहिजेत." मग साखळीजवळच्या लोकांना म्हणाला, "पाच मिनिटं अजून."

तो रविवार मी विसरणार नाही. पेटी उघडी, तीनशेच्या तीनशे चकत्या टेबलावर, आणि मधोमध शेंगदाण्यांची बशी. लिफ्टवाला मूठभर दाणे तोंडात टाकायचा, बोटं न पुसता दाढांची चवड उचलायचा आणि पुढे ढकलायचा. प्रत्येक वेळी बत्तीशीचा हात खिशातल्या चिंधीकडे जायचा. बाईंनी मुद्दाम एक सुळा चहाच्या कपाच्या ओल्या वर्तुळात ठेवला. तो बघत राहिला. पहिला डाव त्याने पत्ते न बघताच सोडला, दुसऱ्यात चांगले पत्ते असून हरला. पण तिसऱ्या-चौथ्या डावापासून तो खेळायला लागला. एकदा तर बाईंची थाप पकडली आणि टेबलावर मूठ आपटली, तशा अक्कलदाढा चारी दिशांना उडाल्या आणि सगळेच खाली वाकून त्या गोळा करायला लागलो. ताई शब्दकोड्यातून मान वर करून बघत होत्या. मला त्या क्षणी सगळी माणसं एकदम आवडली. अशी वेळ क्वचित येते.

शेवटी हरलो मी. बत्तीशीने चकत्या ओंजळी भरभरून पेटीत टाकल्या, खणबिण न बघता, आणि झाकण लावायला घेतलं.

"मोज," लिफ्टवाला म्हणाला. तो बूट घालायला उठला होता, तो तसाच उभा राहिला.

"नको."

"मोज, बत्त्या."

"मला मोजायचं नाही. माझा विश्वास आहे."

"तुझा असेल. मला पुढच्या रविवारी यायचंय. न मोजता गेलो तर घरी मलाच वाटत राहणार, तू मागे मोजत असशील."

बत्तीशीने आमच्याकडे बघितलं. तो खाली बसला आणि चवडी लावायला लागला. दुधाचे दात, पटाशीचे, सुळे, दाढा. सगळे खण भरले. मग अक्कलदाढा. मी त्याच्या अगदी शेजारी होतो. तो हळूहळू लावत होता, आणि शेवटची लावून त्याचा हात टेबलावर गेला तेव्हा टेबलावर काही उरलं नव्हतं. खणात शेवटी बोट जाईल एवढी फट होती.

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, मी नाही. बाईंच्या चेहऱ्यावरून कधी काही कळलंय? आणि लिफ्टवाला दाराशी उभा होता, पेटीचं झाकण त्याच्या बाजूने वर होतं, त्याला आतलं दिसत नव्हतं. तो बत्तीशीच्या तोंडाकडे बघत होता.

पांढऱ्याच्या सोळा छटा ओळखणारा माणूस. एका फिक्या चकतीसाठी जेवण सोडणारा. त्याने खणावर हात ठेवला.

"पूर्ण आहेत," तो म्हणाला.

"वीस?"

"वीस. ये तू रविवारी." आणि त्याने झाकण लावलं.

लिफ्टवाल्याने बूट घातले. जिना उतरताना तो शीळ घालत होता, ती बराच वेळ ऐकू येत होती. मी टेबलाखाली बघायला वाकलो तर बत्तीशीने माझा दंड धरला.

"राहू द्या, साडूबुवा," तो म्हणाला. "शोधलं की कोणाकडे तरी सापडेल."